मुक्काम ओकायामा : एका शहरात राहून पश्चिम जपानची सहल

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी फेरफटका मारणाऱ्या पुणेकरांपैकी अनेकांना त्याचे दुसरे नाव, 'पुणे-ओकायामा मैत्री उद्यान', ठाऊक असते. परंतु ज्या ओकायामाच्या मैत्रीखातर ही बाग उभी राहिली, ते शहर जपानच्या नकाशावर नेमके कोठे आहे, हे सांगणारे थोडेच. जपानला जाऊन आलेल्यांची स्थितीही फारशी निराळी नसते. ओसाकाहून हिरोशिमाला जाताना शिंकानसेन गाडी ओकायामा स्थानकात मिनिट-दोन मिनिटे थांबते, काही प्रवासी उतरतात, आपली मंडळी खिडकीतून पाहतात आणि गाडी पुढे निघते. वस्तुतः पश्चिम जपान निवांतपणे पाहू इच्छिणाऱ्या, विशेषतः वडीलधाऱ्यांना सोबत नेणाऱ्या कुटुंबाने मुक्कामासाठी प्रथम विचार करावा, असे हे शहर आहे.

मुक्काम बदलण्याची किंमत

जपानच्या सहलीचा रूढ आराखडा आपल्या परिचयाचा आहे. टोकियो, क्योटो, ओसाका, हिरोशिमा अशी क्रमाने शहरे घ्यायची आणि दर एक-दोन रात्रींनी हॉटेल बदलायचे. कागदावर हा आराखडा भरगच्च दिसतो. प्रत्यक्षात जपानी हॉटेलांत सकाळी दहा-अकराच्या सुमारास खोली सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी तीनच्या आधी सहसा मिळत नाही. मधले चार-पाच तास सामान सांभाळण्यात आणि लॉकर शोधण्यात जातात. आठवड्यात चार वेळा मुक्काम हलवला, तर जवळजवळ वीस तासांवर या धावपळीची सावली पडते.

सामानाचा प्रश्नही लहान नाही. टोकाइदो, सान्यो आणि क्युशू या शिंकानसेन मार्गांवर मे २०२० पासून नवा नियम लागू आहे. ज्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरते, तिच्यासाठी सामानाची जागा असलेले आसन आधी राखून ठेवावे लागते. आपल्याकडून नेल्या जाणाऱ्या मोठ्या बॅगा बहुधा याच मापात मोडतात. सासू-सासरे, मुले आणि तीन-चार बॅगा असा लवाजमा रोज गाडीत चढवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

यावर जपानी लोकांचाच एक तोडगा आहे. सकाळी निघून रात्री मुक्कामी परतण्याच्या सहलीला ते 'हिगाएरी' म्हणतात. एखाद्या सोयीच्या शहरात तळ ठोकावा, बॅगा खोलीतच ठेवाव्यात आणि पाठीवरच्या पिशवीनिशी रोज एक दिशा धरावी, असा हा मार्ग आहे.

शहर कसे निवडावे?

तळाचे शहर निवडताना त्याच्या प्रसिद्धीपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, तेथून किती दिशांना लोहमार्ग फुटतात. दुसरी, तासाभराच्या अंतरात पाहण्याजोगी किती ठिकाणे आहेत. तिसरी, स्थानकापासून हॉटेल पायी गाठता येते का. दिवसभर चालून आलेल्या माणसाला रात्री आणखी एक बस नको असते. चौथी, पाऊस आला किंवा कोणाचे पाय दुखू लागले, तर शहरातच एक दिवस चांगला जाईल का. क्योटो शेवटच्या कसोटीवर सहज उतरते. मात्र तेथील गर्दी आणि निवासाचा खर्च सर्वांना मानवणारा नाही. ओकायामा चारही कसोट्यांवर बऱ्यापैकी उतरते.

ओकायामाचे स्थान

सान्यो शिंकानसेन १९७२ मध्ये शिन-ओसाकाहून ओकायामापर्यंत आली आणि १९७५ मध्ये पुढे हाकातापर्यंत गेली. आज शिन-ओसाकाहून येथे पाऊण तासात, तर टोकियोहून सर्वांत वेगवान 'नोझोमी' गाडीने साडेतीन तासांच्या आत पोहोचता येते. पूर्वेला हिमेजी, पश्चिमेला हिरोशिमा, दक्षिणेला समुद्र ओलांडून शिकोकू बेट आणि उत्तरेला डोंगरांपलीकडचा सानइन प्रदेश, अशा चारही दिशांच्या गाड्या या एकाच स्थानकातून सुटतात.

हवामानही अनुकूल आहे. उत्तरेला चुगोकूचे आणि दक्षिणेला शिकोकूचे डोंगर दोन्ही बाजूंचे बाष्प अडवतात. त्यामुळे सेतो अंतर्गत समुद्राचा हा किनारा तुलनेने कोरडा असतो आणि ओकायामा प्रांत स्वतःला 'सूर्यप्रकाशाचा देश' म्हणवून घेतो. अर्थात हे आश्वासन नव्हे. जून-जुलै हा येथीलही पावसाळा आहे आणि जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत शेजारच्या कुराशिकीतील माबी भाग पाण्याखाली गेला होता. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम.

शहर स्वतः सात लाखांवर वस्तीचे आहे. स्थानकासमोरून ट्राम सुटते आणि शिरोशिता थांब्यावर उतरून दहा मिनिटे चालले की आसाही नदीकाठचे कोराकुएन लागते. ओकायामाचे सरदार इकेदा त्सुनामासा यांनी करविलेली ही बाग १७०० मध्ये पूर्ण झाली. कानाझावाचे केनरोकुएन आणि मितोचे काइराकुएन यांच्यासह जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत तिची गणना होते. पुण्याची बाग पाहिलेल्यांना येथील पाण्याचे पाट आणि टेकाडे ओळखीची वाटतील. फक्त येथे हिरवळीचा विस्तार नजरेत मावत नाही. नदीपलीकडे काळ्या भिंतींचा किल्ला आहे. त्या रंगामुळे त्याला 'कावळ्याचा किल्ला' असे नाव पडले. मूळ बुरूज १५९७ चा. तो जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाला. सध्याची वास्तू १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये उभारली गेली.

एका दिवसाच्या सहली

कुराशिकी : सर्वांत जवळची आणि सर्वांत सोपी सहल. लोकल गाडीने सुमारे पंधरा मिनिटे. कालव्याच्या दुतर्फा पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारे आहेत. त्यांच्या मधोमध ग्रीक मंदिराच्या धर्तीचे ओहारा कलासंग्रहालय आहे. उद्योगपती ओहारा मागोसाबुरो यांनी आपले चित्रकार स्नेही कोजिमा तोराजिरो यांच्या स्मरणार्थ १९३० मध्ये ते स्थापन केले. पाश्चात्त्य कलेला वाहिलेले जपानमधील हे पहिले संग्रहालय. एल ग्रेको आणि मोने यांची मूळ चित्रे येथे पाहता येतात. अर्धा दिवस पुरतो. त्यामुळे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसासाठी हे ठिकाण योग्य.

हिमेजी : शिंकानसेनने वीस-पंचवीस मिनिटे. स्थानकातून बाहेर पडताच सरळ रस्त्याच्या टोकाला शुभ्र किल्ला दिसतो. सध्याचा मुख्य बुरूज १६०९ मध्ये इकेदा तेरुमासा यांनी पूर्ण केला. कोराकुएन उभारणारे त्सुनामासा हे त्यांचेच पणतू. १९९३ पासून हा किल्ला जागतिक वारसा यादीत आहे. आतील लाकडी जिने मात्र कमालीचे उभे आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी वर न चढता शेजारच्या कोकोएन बागेत बसावे. किल्ल्याचे सौंदर्य बाहेरूनही उणे होत नाही.

हिरोशिमा आणि मियाजिमा : शिंकानसेनने पाऊण तासाच्या आत हिरोशिमा. सकाळी शांतता स्मारक उद्यान आणि संग्रहालय पाहावे. तेथून बाहेर पडलेल्या माणसाला काही काळ बोलावेसे वाटत नाही, म्हणून लगेच पुढचा कार्यक्रम ठेवू नये. दुपारी लोकल गाडीने अर्ध्या तासात मियाजिमागुची आणि तेथून दहा मिनिटांत फेरीबोटीने मियाजिमा बेट. इत्सुकुशिमा देवस्थानाचे पाण्यातील तोरण भरतीला तरंगताना दिसते, तर ओहोटीला त्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येते. भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात.

ताकामात्सु आणि कोतोहिरा : 'मरीन लायनर' गाडी १९८८ मध्ये खुल्या झालेल्या सेतो महासेतूवरून तासाभरात शिकोकूवरील ताकामात्सुला नेते. पुलाच्या वरच्या मजल्यावर मोटारी, खालच्यावर रेल्वे आणि त्याखाली बेटांनी भरलेला समुद्र. हा प्रवासच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. ताकामात्सुचे रित्सुरिन उद्यान पाहावे. पायांत बळ असेल त्यांनी निराळ्या दिवशी कोतोहिराला जावे. ओकायामाहून थेट एक्स्प्रेसने साधारण तास लागतो. तेथील देवस्थानाच्या मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या आहेत. नाविकांचा रक्षणकर्ता मानल्या जाणाऱ्या या देवाचे 'कोंपिरा' हे लोकप्रिय नाव संस्कृतातील 'कुंभीर' या मगरवाचक शब्दावरून आले आहे. बौद्ध धर्माबरोबर गंगेची मगर जपानी कोळ्यांची देवता झाली, हे कळल्यावर त्या पायऱ्या परक्या वाटत नाहीत.

नाओशिमा : आधुनिक कलेचे बेट. ओकायामाहून रेल्वेने तासाभरात उनो बंदर आणि पुढे फेरीबोटीने वीस मिनिटे. वास्तुविशारद तादाओ आंदो यांनी जमिनीच्या पोटात बांधलेले चिचू संग्रहालय २००४ मध्ये सुरू झाले. यायोई कुसामा यांचा धक्क्यावरील पिवळा भोपळा ऑगस्ट २०२१ च्या वादळात वाहून गेला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो पुन्हा बसविण्यात आला. चिचूचे तिकीट वेळेसह आधी राखून ठेवावे. सोमवारी येथील बहुतेक संग्रहालये बंद असतात. ओहारा संग्रहालयाचीही सुट्टी सोमवारीच असते.

खर्चाचे गणित

ऑक्टोबर २०२३ मध्ये संपूर्ण जपानसाठीच्या सात दिवसांच्या रेल्वे पासची किंमत २९,६५० येनांवरून थेट ५० हजार येनांवर गेली. एकाच विभागात फिरणाऱ्याला तो परवडत नाही. त्याऐवजी पश्चिम जपान रेल्वेचे विभागीय पास पाहावेत. त्याच दरवाढीनंतर पाच दिवसांचा कान्साई-हिरोशिमा पास १७ हजार येनांना झाला. ओकायामाहून हिरोशिमाला शिंकानसेनने जाऊन येण्यास सुमारे १२ हजार आणि हिमेजीला सुमारे साडेसहा हजार येन लागतात. म्हणजे या दोन सहलींतच पास वसूल होतो. विशेष म्हणजे या पासवर शिन-ओसाका ते हिरोशिमा 'नोझोमी'नेही जाता येते. उलट कुराशिकीचे एकेरी भाडे तीन-साडेतीनशे येन आहे. म्हणून लांबच्या सहली सलग पाच दिवसांत बसवाव्यात आणि जवळच्या पासाबाहेर ठेवाव्यात. दर आणि नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी रेल्वेच्या संकेतस्थळावर खात्री करावी.

जेवणाची व्यवस्था

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. वरून निव्वळ भाज्यांचा दिसणारा पदार्थही माशाच्या 'दाशी' या अर्कात शिजवलेला असू शकतो. शिकोकूच्या सुप्रसिद्ध उदोन शेवयांचा रस्सा बहुधा सुकवलेल्या लहान मासळीचा असतो. एकाच ठिकाणी तळ ठोकण्याचा फायदा येथेही दिसतो. पहिल्याच दिवशी जवळचे भारतीय उपाहारगृह आणि सुपरबाजार हेरून ठेवता येतो. लहान स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, तर रात्रीचा वरणभात घरच्यासारखा होतो. फळांच्या बाबतीत मात्र ओकायामा सर्वांनाच तृप्त करते. उन्हाळ्यातील पांढरे पीच आणि मस्कत द्राक्षे ही या प्रांताची ख्याती आहे.

कोठे थांबावे?

या पद्धतीला मर्यादा आहेत. उत्तरेकडील मात्सुए आणि इझुमो, शिकोकूवरील मात्सुयामा आणि कोची येथे ओकायामाहून थेट गाड्या जातात. पण एकेरी प्रवासच अडीच-तीन तासांचा आहे. त्यांसाठी स्वतंत्र रात्र ठेवावी. क्योटो शिंकानसेनने तासाभरावर असले, तरी ते एका दिवसात उरकण्याचे शहर नव्हे. तसेच काही ठिकाणांचे खरे रूप दिवसाची गर्दी ओसरल्यावरच दिसते. शेवटच्या बोटी निघून गेल्यानंतरचे मियाजिमा त्यांपैकी एक. शक्य असेल त्यांनी मोठ्या बॅगा ओकायामातच ठेवून एक रात्र तेथे काढावी.

शिंकानसेन रात्री बारा ते सकाळी सहा धावत नाही आणि बेटांवरून परतीच्या बोटी मोजक्या असतात. म्हणून रोज सकाळी निघताना परतीची शेवटची वेळ टिपून घेणे हा या सहलींचा पहिला नियम आहे.

इतर पर्याय

पश्चिम जपानऐवजी अन्य भाग पाहावयाचा असेल, तर हीच कसोटी लावावी. होकुरिकू भागासाठी कानाझावा : २०१५ मध्ये शिंकानसेन आली, मार्च २०२४ मध्ये ती त्सुरुगापर्यंत वाढली, तोयामा, फुकुई आणि बसने शिराकावागो आवाक्यात येतात, मात्र हिवाळा ओला असतो. क्युशूसाठी फुकुओका : विमानतळ शहरातच आहे, दाझाइफू, यानागावा आणि कुमामोतो सहज होतात. ईशान्येसाठी सेंदाई : मात्सुशिमाचा उपसागर, यामादेराचे डोंगरातील मंदिर आणि हिराइझुमी जवळ आहेत. मध्य जपानसाठी नागोया : इनुयामाचा मूळ किल्ला आणि इसेचे देवस्थान तेथून गाठता येते.

आठ रात्रींची सहल असेल, तर दोन-तीन रात्री टोकियो किंवा क्योटोला आणि पाच रात्री ओकायामाला, अशी विभागणी करून पाहावी. त्यांतील एक दिवस पूर्ण मोकळा सोडावा. कोराकुएन २० मार्च ते सप्टेंबरअखेर सकाळी साडेसातला उघडते. त्या वेळी बागेत फिरणारे बरेचसे स्थानिक ज्येष्ठ नागरिक असतात आणि आपल्या आईवडिलांना त्यांच्याबरोबर एक फेरी मारता येते. पुण्यातील बागेत रोज सकाळी तेच तर घडत असते.