स्ट्रेचिंग : व्यायामाआधी आणि नंतर

स्नायू हळूहळू ताणून अंगाची लवचीकता वाढवण्याचा व्यायामप्रकार. भिंतीला हात टेकवून, मागच्या पायाची टाच जमिनीवर घट्ट आणि गुडघा सरळ ठेवला की पोटरीत ओढ जाणवते. तिथेच थांबणे म्हणजे स्थिर ताण. पाय झुलवणे, गुडघे उंच उचलत चालणे हा गतिशील ताण.

धावण्याआधी स्थिर ताण दिला की दुखापत टळते, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. ऑस्ट्रेलियन लष्करातील १,५३८ नवसैनिकांवर झालेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र सरावाआधी पायांचे स्नायू ताणणारे व न ताणणारे यांच्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय एकच स्नायू मिनिटाहून जास्त ताणून धरला तर त्याचा जोर काही वेळ किंचित घटतो. उडी मारणाऱ्याला तेवढीही घट महागात पडते. म्हणून आधी अंग गरम करावे, मग गतिशील हालचाली कराव्यात, हाच क्रम योग्य.

व्यायामानंतरच्या स्ट्रेचिंगने दुसऱ्या दिवशीची अंगदुखी फारशी कमी होत नाही. पण गरम स्नायू सहज ताणले जातात, त्यामुळे लवचीकतेसाठी ही वेळ सोयीची : प्रत्येक ताण १५ ते ३० सेकंद, हिसका न देता, श्वास न रोखता.