बिदरीचा काळा थर

बहमनी इतिहास आपण बहुधा सुलतानांच्या वंशावळीतून वाचतो. अहमदशाह वलीने (राज्यकाल १४२२ ते १४३६) राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली, मागोमाग इराणकडचे कारागीर आले व त्यांच्या जडावकामास बिदरी हे नाव पडले, अशी परंपरेची कथा आहे. मात्र आज उपलब्ध असलेल्या वस्तू सोळाव्या-सतराव्या शतकाच्या मागे फारशा जात नाहीत. म्हणून कथेला कथाच म्हणावे. करजगीच्या बाजूस राहणाऱ्या आम्हां सीमावासीयांना सुलतानांपेक्षा अधिक कुतूहल वाटते ते बिदरी पानदानाच्या काळ्या रंगाचे. चांदीची वेल लखलखते आणि तिच्या भोवतालची धातू मात्र काजळासारखी काळी, हे एकाच भांड्यावर साधते कसे?

बिदरीची धातू म्हणजे मुख्यतः जस्त. कंपनी सरकारच्या सेवेतील बेंजामिन हाइन याने १८१४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात कृती दिली आहे : १६ औंस तांबे, ४ औंस शिसे व २ औंस कथील एकत्र वितळवावे आणि त्या मिश्रणाच्या दर ३ औंसांस १६ औंस जस्त घालावे. आता १६ भाग जस्तास १ भाग तांबे असे प्रमाण सांगतात. एवढेसे तांबे कशासाठी, याचा उलगडा १९८७ साली लंडनच्या सुझन ला नीस व ग्रेम मार्टिन यांनी केलेल्या तांत्रिक तपासणीतून होतो. काळा थर धरण्यास तांबे आवश्यकच आहे. निव्वळ जस्तावर तसा रंग चढत नाही.

ओतलेले भांडे घासून झाले की कारागीर त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतो. जस्त पाण्यात उतरते, त्याच्या जागी तांब्याचे सूक्ष्म कण बसतात आणि पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो. या काळ्या पाटीवर कोरलेली रेघ पांढरी उठून दिसते. मग खाचांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवायचा, भांडे पुन्हा घासायचे, आणि शेवटी नवसागर व किल्ल्यातील माती घातलेल्या गरम पाण्याचा संस्कार करायचा. जस्त, तांबे आणि चांदी यांची प्रमाण विद्युत विभवे अनुक्रमे उणे ०.७६, अधिक ०.३४ व अधिक ०.८० व्होल्ट आहेत. तिन्ही एकाच क्षारयुक्त पाण्यात एकमेकांना चिकटून असता जस्त झिजते आणि चांदी निर्धास्त राहते. म्हणजे बिदरी भांडे त्या घटकेपुरते लहानसे विद्युतघटच होय.

यानंतर कारागीर भांड्याला तेल चोळतो व काळेपणा गडद होतो. तेलातील मेदाम्लांच्या रेणूचे एक टोक धातूला धरून राहते आणि दुसरे, पाण्याचे वावडे असलेले, बाहेर वळते. साबणाच्या जातीच्या पृष्ठसक्रिय द्रव्यांचा धर्म हाच. द्रावणात बुडविलेल्या विद्युदग्रावर असे रेणू कसे साचतात आणि विभव बदलताच कसे सुटतात, हा पुढे स्वतंत्र शास्त्राचा विषय झाला. १८७५ साली लिपमान याने पाऱ्याचा पृष्ठताण विद्युतविभवानुसार बदलतो हे दाखविले; विसाव्या शतकात मॉस्कोच्या फ्रुमकिन यांनी अशा अधिशोषणाचे गणित मांडले. जस्ताचा मुलामा देणाऱ्या आजच्या कारखान्यांत कुंडातील द्रावणात अशीच द्रव्ये मोजून घालतात. ती पृष्ठभागावर बसून थर गुळगुळीत चढवितात. बिदरच्या कारागिराला यातले एकही नाव ठाऊक नव्हते, पण धातूच्या कातडीवर काय बसते आणि काय सुटते याची पारख त्याच्या हातात होती.

राहता राहिली माती. किल्ल्यात ऊन-पाऊस न लागलेल्या जागेचीच माती लागते, असे कारागीर सांगतात. ऐकणाऱ्याला हा भाबडेपणा वाटेल. पण जुन्या भिंतींच्या आडोशाला मातीत सोरा साचतो, तो पाण्यात सहज विरघळतो आणि पावसाने वाहून जातो. तेव्हा ही अट अगदी रास्त आहे असे आम्हांस वाटते. अशी आडोशाची माती अमर्याद नाही. सरकार दरबारी बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले, शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट. मातीचा विचार मात्र अजून कारागिरांवरच सोपविलेला दिसतो. ते ती चिमूटभर जिभेवर ठेवून पारखतात.