कच्च्या फुटेजची पूर्वछाटणी : संकलनाचा वेळ वाचविणारी पायरी

माहितीपट असो वा लग्नसमारंभ, कॅमेऱ्याने टिपलेल्यापैकी फारच थोडा भाग अखेरच्या चित्रफितीत उरतो. १९७९ सालच्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या चित्रपटासाठी सुमारे २३० तासांचे चित्रीकरण झाले होते. त्याच्या संकलकांपैकी एक असलेले वॉल्टर मर्च यांच्या हिशेबानुसार, पडद्यावरील प्रत्येक मिनिटामागे सुमारे ९५ मिनिटांचे फुटेज होते. प्रत्यक्ष संकलनापूर्वी निरुपयोगी भाग दूर करणे, यालाच पूर्वछाटणी म्हणता येईल.

गरज का?

मिनी डीव्ही फितीवरील एका तासाचे चित्रीकरण संगणकावर सुमारे १३ गिगाबाइट जागा घेत असे. १०० मेगाबिट वेगाने केलेले फोर-के चित्रीकरण तासाला ४५ गिगाबाइट व्यापते. मेमरी कार्डामुळे कॅमेरा सुरूच ठेवण्याची सवयही वाढली. परिणामी, संकलकाचा बराच वेळ शोधाशोधीतच खर्ची पडतो.

पद्धत

सर्वप्रथम मूळ फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर कराव्यात. त्यानंतर सर्व फुटेज एकदा सलग पाहावे. बहुतेक संकलन प्रणालींत ‘जे’, ‘के’ व ‘एल’ या कळांनी दृश्य मागे नेता, थांबविता व पुढे नेता येते. ‘आय’ व ‘ओ’ या कळांनी हव्या भागाचा आरंभ व शेवट निश्चित होतो. असे निवडलेले तुकडे सबक्लिप म्हणून साठवून त्यांना प्रसंगानुसार नावे द्यावीत. यात मूळ फाइलीला धक्का लागत नाही.

निवडलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना एक-दोन सेकंदांची शिल्लक, म्हणजेच ‘हँडल’, ठेवणे आवश्यक होय. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह कापाच्या मध्यावर दिल्यास दोन्ही बाजूंस अर्धा-अर्धा सेकंद जादा चित्र लागते. ते नसेल, तर परिणाम साधता येत नाही.

प्रत्यक्ष काप देताना

डिस्कवरील जागाच वाचवावयाची असेल, तर फाइल खरोखर कापावी लागते. एच.२६४ सारख्या संकुचित प्रकारात प्रत्येक फ्रेम पूर्ण स्वरूपात साठविलेली नसते. ठरावीक अंतराने पूर्ण फ्रेम येते. मधल्या फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा झालेला बदल तेवढाच नोंदविलेला असतो. त्यामुळे पुन्हा एन्कोड न करता कापावयाचे झाल्यास आरंभ पूर्ण फ्रेमपासूनच करावा लागतो. ‘एफएफएमपेग’ व ‘लॉसलेसकट’ या मोफत प्रणालींनी असा काप काही क्षणांत देता येतो आणि चित्राचा दर्जाही घसरत नाही. पुन्हा एन्कोड केल्यास काप अचूक येतो. मात्र वेळ जातो व दर्जात थोडी घट संभवते.

दक्षता

ध्वनी स्वतंत्र यंत्रावर मुद्रित केला असल्यास चित्र व ध्वनी यांची जुळवणी आधी करावी, छाटणी नंतर. क्लॅपचा भाग आधीच कापला गेल्यास जुळवणी कष्टाची होते. वक्त्याच्या उत्तरानंतरची शांतता, श्रोत्यांचे चेहरे, रिकाम्या खोलीचा आवाज हे भाग वरकरणी निरुपयोगी वाटतात; परंतु दोन वाक्ये सांधताना संकलकाला त्यांचाच आधार असतो. दुसऱ्यांदा न घडणाऱ्या प्रसंगाच्या बाबतीत तर, अंतिम चित्रफीत मान्य होईपर्यंत मूळ फाइली पुसू नयेत, हा नियम कटाक्षाने पाळावा.