भूमिगत गुहा आणि धूम्रपानबंदी : कायद्याची हद्द कोठपर्यंत?

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारे कायदे आज अनेक देशांत आहेत. ते लिहिताना विधिज्ञांच्या डोळ्यांपुढे कचेरी, उपाहारगृह, चित्रपटगृह, रेल्वेचा डबा अशा माणसाने बांधलेल्या जागा होत्या. जमिनीच्या पोटातील नैसर्गिक गुहा त्या यादीत क्वचितच सापडते. गुहेला छत आहे, भिंती आहेत, ती बहुतेक वेळा घरापेक्षाही अधिक बंदिस्त असते. पण तिला दार नाही, मालक बहुधा दिसत नाही आणि बाहेर फलक लावणारा कोणी नसतो. मग तेथे विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्याला हा कायदा अडवतो का, आणि अडवावे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरेही वेगळी निघतात.

आपल्याकडे बोलताना लेणी आणि गुहा यांत फारसा भेद केला जात नाही. हरवळे, खांडेपार किंवा बदामी येथील लेणी माणसाने खोदलेली, पुढून उघडी आणि उथळ आहेत. तेथील धूर वाऱ्याबरोबर बाहेर जातो. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः नैसर्गिक गुहांचा आहे. आंध्र प्रदेशातील बेलम ही सुमारे सव्वातीन किलोमीटर लांबीची गुहा, छत्तीसगडमधील कुटुमसर, मेघालयातील तीस किलोमीटरहून अधिक लांबीची क्रेम लियात प्रा ही त्यांची उदाहरणे. यांपैकी काहींत तिकीट काढून, विजेच्या उजेडात चालत जाता येते. उरलेल्यांत शिरस्त्राण आणि दिवा डोक्यावर चढवून सरपटत, पाण्यातून वाट काढत जावे लागते. आडवाटेच्या या दुसऱ्या प्रकारच्या गुहांत जाणाऱ्यांच्या छंदाला गुहाभ्रमण म्हणतात, आणि बंदीचा खरा वाद तेथेच आहे.

भारतातील स्थिती प्रथम पाहू. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली. त्यानंतर २००३ चा सिगारेट व इतर तंबाखू उत्पादनांविषयीचा केंद्रीय अधिनियम आला आणि त्याखालील सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. गोव्याने याबाबत केंद्राची वाट पाहिली नव्हती. राज्याचा धूम्रपान व थुंकणे प्रतिबंधक कायदा १९९७ चा आहे. केंद्रीय अधिनियमानुसार जनतेला जेथे प्रवेश आहे, मग तो हक्काने असो वा नसो, ते सार्वजनिक ठिकाण होय. मोकळी जागा मात्र त्यातून वगळली आहे. उल्लंघनास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे.

ही व्याख्या गुहेला लावून पाहिली तर बेलमसारख्या तिकिटाच्या गुहेविषयी शंका उरत नाही. लोक तेथे जातात आणि गुहा ही मोकळी जागा नव्हे. आडवाटेच्या गुहेतही ‘हक्काने असो वा नसो’ या शब्दांमुळे कायदा पोहोचू शकतो, असे शब्दार्थावरून म्हणता येईल. अडचण अंमलबजावणीची आहे. नियमांनी जबाबदारी जागेचा मालक, व्यवस्थापक किंवा प्रभारी यांच्यावर टाकली आहे आणि प्रवेशद्वारापाशी साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर उंच फलक लावण्यास सांगितले आहे. मेघालयात गुहा बहुधा गावाच्या किंवा कुळाच्या जमिनीत असते. आत जाण्यापूर्वी गावच्या प्रमुखाची परवानगी घ्यावी लागते. त्या प्रमुखाला ‘व्यवस्थापक’ मानून गुहेच्या तोंडाशी फलक ठोकायला लावणे म्हणजे कायद्याचे अक्षर पाळून त्याचे हसे करणे होय. चुनखडीत खिळे ठोकून गुहेचे रक्षण कसे होणार, हाही प्रश्न आहेच.

इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदी आली तेव्हा ‘बंदिस्त’ या शब्दाची फोड मापाने करण्यात आली. छत आहे आणि भिंतींतील उघडा भाग एकूण भिंतीच्या निम्म्याहून कमी आहे, तर ती जागा बऱ्याच अंशी बंदिस्त. या मापाने कोणतीही खोल गुहा बंदिस्तच ठरेल. पण ती जागा जनतेला खुली किंवा एकाहून अधिक माणसांच्या कामाची असावी लागते. त्यामुळे पैसे घेऊन लोकांना गुहेत नेणारा वाटाड्या आणि स्वतःच्या हौसेने त्याच गुहेत उतरलेले चार मित्र यांना एकच कायदा निरनिराळा लागू पडेल, असा विचित्र निष्कर्ष निघतो. जागा तीच, धूर तोच, पण नियम आत कोण गेले यावर अवलंबून. आरोग्यरक्षणाच्या कायद्याकडून गुहेच्या रक्षणाची अपेक्षा ठेवली की असे होणारच.

अमेरिकेने वेगळा मार्ग घेतला. राष्ट्रीय उद्यानांसाठीच्या संघीय नियमांत एक वाक्य स्वतंत्रपणे घातले आहे : सर्व गुहांत व भूमिगत दालनांत धूम्रपानास मनाई आहे. केंटकीतील मॅमथ केव्ह या जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहेलाही तेच लागू. येथे नियम माणसाच्या फुप्फुसापाशी थांबत नाही, तो जागेला चिकटतो. आत एकटा मनुष्य आहे की शंभर, ते गौण ठरते. प्रस्तुत लेखकाला हाच मार्ग अधिक सरळ वाटतो, आणि त्याचे कारण गुहेच्या हवेत व जीवसृष्टीत आहे.

गुहा श्वास घेते, असे गुहाभ्रमण करणारे म्हणतात. ते बरेचसे शब्दशः खरे आहे. खोल गुहेतील तापमान बाहेरच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिर राहते. गुहेला खाली व वर अशी दोन तोंडे असली तर थंडीत आतली उबदार हवा वरच्या तोंडाने निघून जाते आणि खालून थंड हवा आत येते. उन्हाळ्यात हा प्रवाह उलटतो. अशा वाहत्या बोळात ओढलेल्या सिगारेटचा धूर मागच्या माणसाच्या तोंडावर जातो, मग तो दहा मीटर मागे असला तरी. एकच तोंड असलेल्या, टोकाला बंद होणाऱ्या गुहेत हवा जवळजवळ हलतच नाही; तेथे धूर तासन्‌तास टिकू शकतो. शिवाय वरच्या मातीतून, कुजत्या पाचोळ्यातून आणि माणसांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठत जातो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते. काही गुहांत ते एक टक्क्याच्या वर जाते आणि मग श्वास आपोआप जलद होतो. त्यात धुरातील कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. रक्तातील हिमोग्लोबिनशी हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. दोराने वर चढायचे असताना रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करून घेणे शहाणपणाचे नाही.

धूम्रपान करणारे यावर एक जुना युक्तिवाद पुढे करतात : लायटर विझला की हवा वाईट आहे हे कळते. यात थोडे तथ्य आहे. प्राणवायू सुमारे सोळा टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते. परंतु कार्बन डायऑक्साइड त्याआधीच त्रासदायक प्रमाणात असू शकतो, तेव्हा जळती ज्योत ही सुरक्षिततेची हमी नव्हे. हवेचा प्रवाह शोधण्यासाठी गुहाशोधक कधीकधी उदबत्ती वापरतात, हेही खरे. पण ते शोधकार्य असते आणि क्षणभराचे.

कोळशाच्या खाणीचे उदाहरणही या वादात नेहमी दिले जाते. खाणीत काडेपेटी नेण्यास सक्त मनाई असते, मग गुहेत का नको? हा युक्तिवाद ऐकायला बरा, पण कच्चा आहे. कोळशाच्या थरांतून मिथेन सुटतो आणि ठिणगीने स्फोट होतो, म्हणून तेथे ती बंदी आहे. चुनखडीच्या गुहांत साधारणतः तसा वायू साठत नाही. उलट अनेक दशके गुहाभ्रमण करणारे कार्बाइडचे दिवे, म्हणजे उघडी ज्योतच, डोक्यावर घेऊन फिरत होते. त्या दिव्यांनी छतावर काजळी सोडली आणि वापरलेल्या कार्बाइडचा चुना कोपऱ्याकोपऱ्यांत पडून राहिला. एलईडी दिवे आल्यावर ते मागे पडले. ज्या मंडळींनी ज्योत सोडली, त्यांनी विडीसाठी वेगळा न्याय मागणे पटण्यासारखे नाही.

गुहेचा सर्वांत हळवा भाग म्हणजे तिच्यातील जीव. अंधारात वाढलेले कोळी, झुरळवर्गीय कीटक, आंधळे मासे आणि कवचधारी हे अत्यल्प अन्नावर, अत्यंत स्थिर परिस्थितीत जगतात. निकोटीन हे मुळात कीटकनाशक आहे. तंबाखूचा काढा शेतकरी पिकांवर फवारत आले आहेत. तेव्हा पाण्याच्या डबक्यात टाकलेले थोटूक हा साधा कचरा राहत नाही. सिगारेटच्या फिल्टरमधील सेल्युलोज ॲसिटेट सहज कुजत नाही. विडीचे पान कुजते, पण आतल्या तंबाखूतील निकोटीन पाण्यात उतरायचे ते उतरतेच.

गोवा आणि बेळगाव येथील वाचकांना हा मुद्दा दूरचा वाटू नये. खानापूर तालुक्यात, गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. १९१३ मध्ये ऑल्डफिल्ड थॉमस यांनी एका वटवाघळाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला रॉटन यांचे नाव देण्यात आले. हे मुक्तपुच्छ वटवाघूळ दीर्घकाळ जगात फक्त याच गुहांतून ठाऊक होते. पुढे मेघालय व कंबोडिया येथेही ते आढळले. आज बारापेडे गुहा भीमगड अभयारण्यात येतात, त्यामुळे त्यांत शिरणे हेच मुळी वनखात्याच्या हाती आहे. वटवाघळांच्या वसतिस्थानात धूर करणे म्हणजे त्यांना हुसकावण्याचाच उपाय; मध काढणारा पोळ्याशी जे करतो, तेच. अशा ठिकाणी सिगारेटचा कायदा काय म्हणतो, हे पाहण्याची गरजच पडू नये.

काजळीचे नुकसान किती टिकाऊ असते, हे आपल्या चित्रित लेण्यांनी दाखवले आहे. माळव्यातील बाघ येथील चित्रे साधूंच्या धुन्यांच्या धुराने काळवंडली. उरलेली १९८२ मध्ये भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या पुरातत्त्व संग्रहालयात हलवावी लागली. अजिंठा हैदराबाद संस्थानात असताना निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण दिले आणि ते पुढे पिवळे पडले, त्याखाली धूळ व काजळी अडकून राहिली. फ्रान्समधील लास्कोची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. तेथे कोणी विड्या ओढत नव्हते. रोज येणाऱ्या शेकडो माणसांच्या नुसत्या श्वासाने चित्रांना अपाय झाला. श्वासानेच जेथे हे होते, तेथे धुराविषयी वेगळा पुरावा मागण्यात फारसा अर्थ नाही. याला आणखी एक बाजू आहे. शोव्हे येथील गुहेत आदिमानवाच्या मशालींचे भिंतीवरील काळे ओरखडे कालगणनेस उपयोगी पडले आहेत. जुनी काजळी हा इतिहासाचा दस्तऐवज, आणि त्यावर बसलेली नवी काजळी ही त्यातील खाडाखोड.

बंदीच्या विरोधकांचे म्हणणे मात्र सर्वस्वी टाकाऊ नाही. शे-दीडशे मीटर उंचीच्या दालनात एका माणसाच्या सिगारेटने हवा बिघडते, असे म्हणता येणार नाही. दोन दोन दिवस भूगर्भात मुक्काम करणाऱ्या व्यसनी माणसाची तडफड ही सोबत्यांच्या सुरक्षिततेचीही बाब होऊ शकते. त्यावर निकोटीनची गोळी किंवा पट्टी हा उपाय औषधाच्या दुकानात मिळतो आणि तो धूर करत नाही. पाण्यापावसात भिजलेली काडेपेटी सांभाळण्यापेक्षा तो सोपाही आहे.

व्यवहारात म्हणून तीन पातळ्या मानाव्या लागतील. तिकिटाच्या गुहेत २००३ चा अधिनियम पुरेसा आहे. तेथे दंड वसूल करणारा कर्मचारी उभा असतो. संरक्षित वन किंवा अभयारण्य असेल तेथे प्रवेशपरवान्यातच अट घालता येते. उरलेल्या गुहांत गावाची परवानगी आणि मंडळांचा स्वतःचा नियम हेच काय ते बळ आहे. आत जाताना थैल्या मोजाव्यात आणि बाहेर येताना कचरा मोजावा, इतके साधे. ई-सिगारेटचा प्रश्न भारतापुरता निराळा आहे, कारण २०१९ च्या कायद्याने तिची विक्री, आयात व जाहिरात यांवरच बंदी आली आहे. वापरणाऱ्याला मात्र तो कायदा हात लावत नाही, त्यामुळे गुहेच्या परवान्यात तिचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागेल.