वीस डॉलरांचे गाणे

गाण्याची मजुरी किती, असा प्रश्न रसिकांच्या सभेत विचारणे काहीसे असभ्य समजले जाते. कलावंताला बिदागी द्यावी, शाल द्यावी, नारळ द्यावा; पण मजुरी हा शब्द गिरणीच्या फाटकाबाहेर आणू नये, असा एक संकेत आहे. आम्ही ज्या चळवळीत वाढलो तिने आम्हांला हा शब्द सगळीकडे वापरण्याची खोड लावली, आणि पन्नाशी उलटल्यावर ती सुटेल असे वाटत नाही. म्हणून आज ज्या एका तबकडीची हकीगत सांगावयाची योजिली आहे, तिच्याकडे आम्ही याच नजरेने पाहणार आहो. संगीतातील जाणकारांनी रागावू नये.

तबकडी जमैका बेटातली आहे. १९७२ साली तेथे 'द हार्डर दे कम' नावाचा चित्रपट निघाला. जो जितका चढून येतो तो तितक्याच जोराने आपटतो, अशा अर्थाच्या इंग्रजी म्हणीचा हा अर्धा तुकडा. दिग्दर्शक पेरी हेन्झेल. कथा त्याने आणि ट्रेव्हर ऱ्होन या नाटककाराने मिळून लिहिलेली. नायक जिमी क्लिफ, म्हणजे त्या बेटावरचा तेव्हाचा लोकप्रिय गायक. त्याच साली चित्रपटातील गाण्यांची मोठी तबकडी आयलंड कंपनीने बाजारात आणली. एकंदर बारा गाणी. ज्या रेगे संगीताचे नाव आज कोणालाही सांगावे लागत नाही, ते जगात अनेकांनी पहिल्यांदा ऐकले ते या तबकडीवरून. बॉब मार्लीची कीर्ती मागाहूनची.

परंतु गाण्याकडे वळण्यापूर्वी बेटाकडे पाहिले पाहिजे. जमैका म्हणजे ऊस. इंग्रजांनी आफ्रिकेतून गुलाम आणून तेथे मळे पिकविले. १८३८ साली गुलाम पूर्णपणे मोकळे झाले आणि मळेवाल्यांना मजूर मिळेनात. तेव्हा १८४५ पासून आपल्या देशातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला. बोलीत त्यांना गिरमिटिये म्हणत. पुढील सत्तर वर्षांत सुमारे छत्तीस हजार माणसे तिकडे गेली, बहुतेक उत्तरेकडची. त्यांच्याबरोबर एक शब्दही गेला, गांजा. तो शब्द जमैकात आजही जसाच्या तसा चालतो, आणि या चित्रपटाच्या कथेत गांजाच्या चोरट्या धंद्याला मोठी जागा आहे. आपल्या देशाची ही देणगी भूषणावह आहे असे आम्ही म्हणत नाही. इतिहास म्हणून नोंदवितो.

१९३८ च्या मे महिन्यात फ्रोम येथील साखर कारखान्यावर मजुरांनी वाढीव मजुरीसाठी उठाव केला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली, आणि पाठोपाठ किंग्स्टनच्या गोदीतील कामगार संपावर गेले. त्या वणव्यातून अलेक्झांडर बुस्तामांते हा पुढारी पुढे आला. त्याने स्वतःच्याच नावाची युनियन काढली. (आमच्याकडेही पुढाऱ्याच्या नावाने युनियन ओळखली जाते, पण पाटीवर नाव घालण्याचा मोकळेपणा फार थोड्यांनी दाखविला.) त्याचा प्रतिस्पर्धी नॉर्मन मॅनली याच्या पक्षालाही युनियनचाच आधार होता. १९६२ च्या ऑगस्टमध्ये बेट स्वतंत्र झाले तेव्हा पहिला पंतप्रधान झाला तो बुस्तामांते. जेथे राज्याचे दोन्ही खांब कामगार संघटनांवर उभे राहिले असा देश शोधू गेल्यास फार सापडणार नाहीत.

नॉर्मन मॅनलीचा मुलगा मायकेल हाही युनियनचा संघटक. १९६४ मध्ये तेथील नभोवाणीने दोन कर्मचाऱ्यांना कामावरून काढले, तेव्हा त्याने नभोवाणीच्या नोकरांचा संप तीन महिन्यांहून अधिक काळ चालविला. स्वतः रस्त्यावर आडवा पडला. हा संप आम्ही मुद्दाम सांगत आहो. नभोवाणीत बातमी वाचणाऱ्याच्या मागे संघटना उभी होती. पण त्याच नभोवाणीवर ज्याचे गाणे वाजे त्या पोराच्या मागे काय होते, हा पुढचा प्रश्न आहे.

तो समजण्यासाठी तेथील गाण्याचा धंदा पाहावा लागतो. गरीब वस्तीत रेडिओ थोडे, नाचाची हौस मोठी. म्हणून काही उद्योगी माणसांनी मोठमोठे कर्णे आणि तबकड्या वाजविण्याची यंत्रे गाडीवर घालून मैदानात नाचगाण्याचे जलसे सुरू केले. याला ते 'साउंड सिस्टिम' म्हणत. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे त्यांतले दोन मातब्बर. आपल्याजवळची अमेरिकन तबकडी कोणती हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून तिच्यावरचा कागद खरवडून टाकीत. अमेरिकन माल पुरेना तेव्हा त्यांनी गावातलीच पोरे गोळा करून गाणी भरावयास घेतली. म्हणजे वाजविणारा, भरून घेणारा, विकणारा आणि दुकानदार बहुधा एकच. गाणारा मात्र रोज नवा. खेड्यातून आलेली मुले ध्वनिमुद्रणाच्या फाटकाशी रांग लावून उभी असत. हे चित्र आम्हांला परके वाटत नाही. गिरणीच्या दारात बदली कामगार असेच उभे असत, आणि हातात बदलीचे कार्ड तरी असे.

जिमी क्लिफ याच रांगेतला. शाळकरी वयात खेड्यातून किंग्स्टनला आला. ऑरेंज स्ट्रीटवर लेस्ली काँग नावाच्या चिनी वंशाच्या गृहस्थाचे 'बेव्हर्लीज' नावाचे आइस्क्रीमचे आणि तबकड्यांचे दुकान होते. त्या नावावरच गाणे रचून पोरगा दुकानात शिरला आणि मालकाला गाऊन दाखविले. काँगला धंद्याची वाट सापडली, क्लिफला गाण्याची. १९६२ मध्ये क्लिफचे वादळावरचे गाणे गाजले तेव्हा तो अजून मिसरूडही न फुटलेला मुलगा होता.

आता चित्रपटाची कथा. ती एका खऱ्या माणसावरून घेतली आहे. आयव्हनहो मार्टिन, लोकांत 'रायगिन', हा तुरुंगातून पळालेला गुन्हेगार १९४८ च्या सप्टेंबरात किंग्स्टनजवळच्या लाइम के या बेटावर पोलिसांच्या गोळीने मेला. गरीब लोकांत त्याच्या कथा चालू राहिल्या, जशा आपल्याकडे उमाजीच्या चालल्या. हा रायगिन काही गाणारा नव्हता. हेन्झेलने त्याला विसाव्या शतकाच्या मध्यातून उचलून १९७० च्या सुमारास आणला आणि गायक केला. चित्रपटातील हा बदल आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे दरोडेखोराच्या गोष्टीत मजुरीचा प्रश्न आला.

नायक आयव्हन खेड्यातून बसने येतो. पहिल्याच दिवशी हातगाडीवाला त्याचे सामान घेऊन पसार होतो. काम मिळत नाही. शेवटी तो हिल्टन नावाच्या ध्वनिमुद्रकाच्या दारात जातो, गाणे भरले जाते, उत्तम होते. क्लिफ तेथे शीर्षकगीत गातो आणि ऐकणाऱ्याला कळते की पोरगा आता वर येणार. मग हिल्टन कागद पुढे करतो. वीस डॉलर, आणि सही. आयव्हन नकार देतो. तबकडी घेऊन स्वतः हिंडतो. पण नभोवाणीवर गाणी लावणारा आणि दुकानदार दोघेही हिल्टनच्या शब्दाबाहेर नाहीत. कोणते गाणे गाजावे हे लोक ठरवीत नाहीत, हिल्टन ठरवितो. आयव्हन परत येतो आणि वीस डॉलरांवर सही करतो.

या दृश्यात मारामारी नाही, रडारड नाही. पण आम्ही वाटाघाटींच्या टेबलाशी पुष्कळ वर्षे बसलो आहो, आणि इतकी खरी वाटाघाट आम्ही पडद्यावर क्वचित पाहिली. एका बाजूला ज्याला थांबणे परवडते तो. दुसऱ्या बाजूला ज्याला आज संध्याकाळची भ्रांत आहे तो. बोलण्याची गरजच पडत नाही. रकमेचा हिशेबही पाहून ठेवावा. जमैकाने १९६९ मध्ये पौंड सोडून स्वतःचा डॉलर काढला, पौंडाला दोन डॉलर या भावाने. म्हणजे वीस डॉलर हे जुने दहा पौंड. एवढ्यात गाणे उक्ते विकले गेले. पुढे एक तबकडी खपो की लाख खपोत, गाणाऱ्याचा संबंध तुटला. आयव्हन पुढे गांजाच्या धंद्यात पडतो, पोलिसांना गोळ्या घालतो, फरारी होतो, आणि तो फरारी झाल्यावर गाणे तुफान चालते. त्याची किंमत वाढते ती हिल्टनच्या गल्ल्यात. समुद्रकिनाऱ्यावर त्याचा अंत होतो.

हिल्टन म्हणजे अमुक एक, असे कोणी समजू नये. हेन्झेलने माणूस रंगविला नाही, पद्धत रंगविली.

५ जून १९७२ रोजी किंग्स्टनच्या कॅरिब थिएटरात पहिला खेळ झाला तेव्हा इतकी गर्दी लोटली की लोक दारे रेटून आत घुसले. आपली बोली, आपली गल्ली, आपली गाणी त्यांनी पडद्यावर प्रथमच पाहिली. ती बोली बाहेर इतकी अनोळखी होती की इंग्रजीच असूनही अमेरिकेत चित्रपटाला खाली इंग्रजी अक्षरे द्यावी लागली. तेथील काही शहरांत तो मध्यरात्रीच्या खेळांना वर्षानुवर्षे चालला.

सुमारे तीन महिने आधी मायकेल मॅनली फेब्रुवारीतील निवडणूक जिंकून पंतप्रधान झाला होता. त्या प्रचारात डेलरॉय विल्सनचे एक लोकप्रिय गाणे गावोगाव वाजले आणि गायकांचे ताफे सभांबरोबर हिंडले. युनियनच्या संघटकाला गाण्याने सत्तेवर पोचविले. गाण्याला मात्र नगावरचीच मजुरी राहिली.

आता खुद्द तबकडी. मुखपृष्ठावर क्लिफ आहे, नाव त्याचे आहे. पण बारांपैकी त्याची स्वतंत्र गाणी चारच, त्यांतली दोन पुन्हा घेतलेली. बाकीची सहा इतरांची: डेसमंड डेकर, टूट्स आणि मेटल्स, मेलोडियन्स, स्लिकर्स, स्कॉटी. नव्याने भरलेले मुख्यतः शीर्षकगीत; इतर बरीचशी १९६७ पासून तेथे गाजून गेलेली, आणि त्यांतली पुष्कळ लेस्ली काँगने काढलेली. काँग चित्रपट पाहावयास उरला नाही. तो १९७१ च्या ऑगस्टमध्ये वारला. म्हणजे ही तबकडी एका गायकाची कमी आणि एका बाजारपेठेची जास्त. आम्हांला यात तिचा गुण वाटतो. क्लिफचे 'मेनी रिव्हर्स टू क्रॉस' हे इंग्लंडातील एकटेपणाचे गाणे. त्यात पेटीसारखा ऑर्गन भरून राहिला आहे, आणि गळा असा लागला आहे की भजनाची सवय असलेल्या कानाला अर्थ विचारावा लागत नाही.

स्कॉटीच्या गाण्यापाशी मात्र थांबले पाहिजे. ते गाणे म्हणजे कीथ आणि टेक्स या जोडीच्या जुन्या तबकडीवर स्कॉटीने केलेली बडबड आहे. जमैकात ही रीतच पडली होती. वादकांनी एकदा वाजविलेली साथ निर्माता जपून ठेवी आणि तिच्यावर आज एक गायक, उद्या दुसरा, परवा नुसता बोलणारा. कला म्हणून यातून नवे शास्त्र जन्मले, हे आम्ही मान्य करतो. पण ढोल, बास आणि गिटार वाजविणाऱ्याला पैसे मिळाले ते पहिल्या गाण्याचे. एकदा विणलेला कापड दहा वेळा विकता आला असता, तर आमच्या गिरणीमालकांनी काय केले असते याची कल्पना करवत नाही.

आणखी एक गाणे, मेलोडियन्सचे 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'. बायबलातील स्तोत्रांवर ब्रेंट डो आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी ते १९७० मध्ये रचले. परमुलखात बंदी करून नेलेल्यांचा विलाप. गुलामांच्या नातवंडांना तो आपला वाटला यात नवल नाही. १९७८ मध्ये जर्मनीतल्या बोनी एम या मंडळीने ते नाचाच्या ठेक्यावर म्हटले आणि इंग्लंडात पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर ठेवले. डो आणि मॅकनॉटन यांच्या जोडीला जर्मन निर्मात्याचेही नाव रचनाकार म्हणून लागले. आमच्या चाळीतही ती कॅसेट वाजे. गाणे जमैकाचे आहे हे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मुंबईला हे सांगताना परदेशाकडे बोट दाखवून भागत नाही. आपल्या चित्रपटांची साथ ज्या गोव्याच्या वादकांनी दशकानुदशके वाजविली, त्यांना मिळाली ती ध्वनिमुद्रणाच्या पाळीची रोख रक्कम. तबकडीवर नाव नाही, खपावर हिस्सा नाही. त्यांनी १९५० च्या दशकात संघटना बांधली म्हणून पाळीचे दर तरी ठरले. गायकांना खपावर हिस्सा हवा, असा आग्रह लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकात धरला. रफीसाहेबांचे मत, एकदा मोबदला घेतला की हक्क संपला. दोघांत काही वर्षे एकत्र गाणे बंद राहिले. रफीसाहेबांवर आमचे निरतिशय प्रेम आहे, पण या बाबतीत आमचे मत लताबाईंच्या बाजूने. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांवर मालकी निर्मात्याची ठरविली, आणि गीतकार-संगीतकारांचा हिस्सा काढून घेता येणार नाही असा कायदा व्हावयास २०१२ उजाडावे लागले.

जमैकात १९११ चा इंग्रजांचा कायदाच स्वातंत्र्यानंतरही तीस वर्षे चालू होता. लेखन-संगीताच्या हक्कांचा स्वतःचा कायदा तेथे आला १९९३ मध्ये. तेव्हा आयव्हनने पडद्यावर सही केल्याला एकवीस वर्षे झाली होती, आणि क्लिफ तेच शीर्षकगीत देशोदेशीच्या सभागृहांतून गात हिंडत होता.