सत्तरच्या पुढचे आठ किलोमीटर

बाबांच्या स्कूटरचा काटा सत्तरला जाऊन थांबायचा. पुढचे आकडे डायलवर छापलेले होते, पण ते शोभेचे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मित्रांकडे शंभर सीसीच्या मोटरसायकली आल्या होत्या आणि पुण्यात मोकळा रस्ता मिळाला की ते मला सहज मागे टाकायचे. मग एका गॅरेजमध्ये ओळख काढून, बाबांना न सांगता, मी तीन कामं केली. सिलिंडरचे पोर्ट घासून मोठे केले, सायलेन्सर बदलला आणि एअर फिल्टर काढून टाकला. काटा अठ्ठ्याहत्तरला टेकला. त्या दिवशी घरी येताना मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

त्या आठ किलोमीटरचा हिशोब मला कळला तो खूप वर्षांनी, इटलीतल्या दोन कारखान्यांच्या चुरशीबद्दल वाचताना.

पोंतेदेरा गावातला पियाज्जोचा कारखाना दुसऱ्या महायुद्धात विमानं बनवायचा. बॉम्बहल्ल्यांत तो उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर एन्रिको पियाज्जोने सामान्य माणसाला परवडेल अशी दुचाकी काढायचं ठरवलं आणि काम सोपवलं कोर्रादिनो दास्कानियोवर. हा माणूस विमानांचा अभियंता. त्याने केलेलं हेलिकॉप्टर १९३० साली उडालं होतं. मोटरसायकल त्याला मुळीच आवडायची नाही. चेनमुळे कपडे खराब होतात, पंक्चर झालं तर चाक काढताना जीव जातो, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने चेनच काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाला जोडलं आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. १९४६ सालची ही पहिली व्हेस्पा ९८ सीसीची होती. ताकद ३.२ अश्वशक्ती, वेग ताशी साधारण ६० किलोमीटर. खड्ड्यांनी भरलेल्या, युद्धाने मोडलेल्या देशात तेवढा वेग पुष्कळ होता.

पुढच्याच वर्षी मिलानमध्ये फेर्दिनांदो इन्नोचेंतीने लॅम्ब्रेटा आणली आणि चुरस सुरू झाली. घरगुती वापराची गाडी विकायची, पण नाव करायचं ते वेगाच्या विक्रमांनी. ९ फेब्रुवारी १९५१ रोजी रोम ते ओस्तिया या रस्त्यावर दिनो माझ्झोंचिनीने १२५ सीसीची खास व्हेस्पा ताशी १७१.१०२ किलोमीटरने पळवली. गाडी आधीच वेगात असताना मोजलेल्या एका किलोमीटरची ही सरासरी. सहा महिन्यांत उत्तर आलं. ऑगस्टमध्ये जर्मनीत, म्युनिक-इंगोलश्टाट महामार्गावर रोमोलो फेर्रीची १२५ सीसीची लॅम्ब्रेटा ताशी २०१ किलोमीटरवर गेली. आठवून बघा, आपल्या साध्या स्कूटरच्या इंजिनाचा आकारही एवढाच.

हे कसं जमलं? इंजिनं खास होतीच. व्हेस्पाच्या इंजिनात एकमेकांसमोर धावणारे दोन पिस्टन होते, लॅम्ब्रेटाच्या इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर होता. पण खरी मेख बाहेर होती. दोन्ही गाड्यांवर माशासारखं निमुळतं कवच चढवलं होतं. व्हेस्पाच्या त्या गाडीला तर इटालियन भाषेत टॉर्पेडो असंच म्हणत.

वेग वाढला की सगळ्यात मोठा शत्रू हवा. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधाला तोंड देत पळायला लागणारी ताकद आठपट. आता पहिल्या व्हेस्पाचे आकडे घ्या. ३.२ अश्वशक्तीत ६०. तीच उघडी गाडी १७१ वर न्यायची तर ढोबळ हिशोबाने ७० अश्वशक्तीच्या वर लागतील. विक्रमी व्हेस्पाकडे होत्या सुमारे १७. उरलेलं काम त्या कवचाने केलं.

माझ्या स्कूटरला तोच हिशोब लावला. सत्तरवरून अठ्ठ्याहत्तर म्हणजे वेगात अकरा-बारा टक्क्यांची वाढ, पण ताकद लागणार सुमारे ३८ टक्के जास्त. ती मी आणली कुठून?

थोडी सायलेन्सरमधून. दोन-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरचं काम नुसता आवाज कमी करण्याचं नसतं. धुराबरोबर दाबाची एक लाट बाहेर पडते. नळीचा आकार नेमका असेल तर ती लाट परत फिरते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. हे तंत्र पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या अभियंत्याने परिपूर्ण केलं. १९६१ साली त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं. त्याच वर्षी त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्या वर्षी सुझुकीवर तो ५० सीसीचा जगज्जेता झाला. एका सायलेन्सरमागे एवढं राजकारण.

माझा सायलेन्सर मात्र कुणी मोजून बनवलेला नव्हता. नुसता जास्त ओरडायचा.

बाकीची ताकद मी उधार आणली होती. पोर्ट मोठे केल्याने न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर वाया जात होतं. त्याहून वाईट म्हणजे फिल्टर काढल्याने हवा वाढली, पण कार्ब्युरेटरचा जेट तोच राहिला. फुल थ्रॉटलला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडायला लागलं. अशा मिश्रणाने इंजिन तापतं. दोन-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे गरज वाढते नेमकं तेव्हाच वंगण अपुरं. ब्रेक तर जुनेच. अठ्ठ्याहत्तरवरून थांबायला सत्तरपेक्षा जवळजवळ चौथा हिस्सा जास्त रस्ता लागतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

वेग वाढवायला आणखी एक उपाय असतो, गिअरचं गुणोत्तर बदलणं. तो मी खर्चामुळे टाळला. पण त्यातच आपल्या स्कूटरची कहाणी आहे. लॅम्ब्रेटा मुंबईत बनायला लागली, व्हेस्पाच्या घराण्यातली बजाज पुण्यात रुजली, १९७२ पासून चेतक आली. या गाड्यांचं इथलं काम होतं दोन माणसं, पुढे उभं राहिलेलं पोर, पायाशी गॅसचा सिलिंडर आणि हे सगळं घेऊन घाट चढणं. गिअर असा ठेवायचा की चढावर दम राहील. सपाटीवर काटा सत्तरला थांबतो तो त्याच सोयीपोटी. आम्ही चौघं त्याच गाडीवरून कात्रजचा घाट चढून आजोळी जायचो, तेव्हा मला गाडी कधी हळू वाटली नव्हती.

एका संध्याकाळी बाबा गाडी ढकलत घरी आले. शर्ट घामाने भिजलेला. उतारावर वेगात असताना पिस्टन जाम झाला होता आणि मागचं चाक अडकलं होतं. त्यांनी तत्क्षणी क्लच दाबला म्हणून ते पडले नाहीत. मागून एक ट्रक येत होता. ही गोष्ट आईने मला दोन दिवसांनी सांगितली. बाबांनी कामं परत मूळ मापात करून घेतली, ब्लॉक रीबोर केला आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

ते गेल्यानंतर कपाटात त्यांची पेट्रोलची डायरी सापडली. दर वेळचे लिटर, किलोमीटर आणि ॲव्हरेज, वर्षानुवर्षं. मी गाडीला हात लावला त्या आठवड्यापासून ॲव्हरेज ४४ वरून ३१ वर आलेलं. त्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ होती आणि शेजारी एकच ओळ: ‘गाडीत काहीतरी केलंय. विचारायचं.’

म्हणजे पिस्टन जाम होण्याच्या महिनाभर आधी त्यांना कळलं होतं. तरी ते तीच गाडी चालवत राहिले, बहुतेक मी स्वतःहून सांगेन याची वाट बघत.

स्कूटर अजून माझ्याकडे आहे. काटा सत्तरला थांबतो. पेट्रोल भरलं की त्याच डायरीत मी पुढची ओळ लिहितो.