जीपच्या चाकातला हब : लढाईतून रानापर्यंत

आज पिकाचं नाही, जीपच्या पुढच्या चाकाचं लिहितोय.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी सैन्यासाठी सहा लाखांवर जीप बनवल्या. चिखलात चारही चाकं ओढायची. पण फोर-व्हील काढलं तरी पुढची चाकं आतला अ‍ॅक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट फिरवतच राहायची. बैलाने रिकामी मोट ओढावी तसं. डिझेल-पेट्रोल जास्त, झीज जास्त.

लढाई संपली, शिल्लक जीप साध्या लोकांनी घेतल्या आणि त्या डांबरीवर पळू लागल्या. १९४८ साली सिअ‍ॅटल शहरात आर्थर वॉर्न यांनी कंपनी काढून अशा जीपसाठी लॉकिंग हब बनवले. चाकावरची चकती 'लॉक'वर फिरवली की आतली दातेरी कडी सरकून चाक आणि अ‍ॅक्सल जोडते. 'फ्री'वर जोड सुटतो, चाक एकटंच फिरतं.

आपल्याकडे महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडल्या. त्याच घडणीच्या जुन्या जीपना पुढे लोकांनी असे हब बसवून घेतले. माझ्याही जीपला आहेत.

चार वर्षांमागे पावसाळ्यात टोमॅटोचे क्रेट भरून काळ्या रानात रुतलो. दोन्ही चकत्या 'लॉक'वर, फोर-व्हील टाकलेलं, तरी पुढचं एकही चाक हलेना. डावा हब आत बसलाच नव्हता. एक बाजू मोकळी राहिली की डिफरन्शियल सगळा फेर तिकडेच घालवतं. ट्रॅक्टर येईपर्यंत रात्र झाली, सकाळचा बाजार हुकला. चूक माझीच. बेअरिंगचं घट्ट ग्रीस मीच हबमध्ये ठासलं होतं, त्यात कडी अडकली.

तेव्हापासून पावसाळ्याआधी हब उघडतो, रॉकेलने धुतो, पुसून पातळ ग्रीसचा नुसता हात फिरवतो. रबरी रिंग खराब असेल तर बदलतो, नाहीतर पाणी शिरतं. चकती हातानेच फिरवतो, पकड लावत नाही. मग चाक जॅकवर उचलून बघतो: 'लॉक'वर जड, 'फ्री'वर हलकं लागलं पाहिजे. महिन्यातून एकदा लॉक करून मातीच्या वाटेने दोन-चार किलोमीटर चालवतो. डांबरीवर मात्र फोर-व्हील नको.

नवीन घेताना ऑटोमॅटिक हब सोयीचा वाटतो, उतरावं लागत नाही. पण बरेचसे सोडवायला गाडी थोडी मागे घ्यावी लागते, आणि जोडला की नाही हे बाहेरून दिसत नाही. चिखलाच्या रानाला मी हाताचाच घेईन. खाली उतरायचे कष्ट परवडतात, गेलेला बाजार परवडत नाही.